अण्णांनी शिकवलेलं इंग्रजी

माझं इंग्रजी ज्यांनी घोटून घेतलं, त्यांना स्वतःला इंग्रजीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. काशीत ब्रह्मा घाटाजवळच्या आमच्या घरी ते मुलांना वेद शिकवायचे. त्यांच्या वडिलांनी तेच केलं, आजोबांनीही तेच. मी पुढे नोकरीभर पोरींना इंग्रजी शिकवलं, आणि कुणी विचारलं की बहनजी, आपका उच्चारण इतना साफ कैसे, तर मी खरं सांगायची. कुणाचा विश्वास बसायचा नाही. न बसो, माझं काय जातंय!

त्याचं असं झालं, की हायस्कूलच्या, म्हणजे दहावीच्या, परीक्षेत मी इंग्रजीत नापास झाले. बाकी सगळ्यात पास, संस्कृतात तर वर्गात पहिली, आणि इंग्रजीत साफ आडवी. तेव्हा आमच्याकडे इंग्रजी सक्तीचं होतं, त्यामुळे एका विषयात गेलं की सगळंच गेलं. आईनं त्याच दिवशी ठरवलं, झालं तेवढं पुरे. ग्वाल्हेरचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा बँकेत होता. फोटो मी चोरून पाहिला होता. मुलगा काही वाईट नव्हता हो. पण मला शिकायचं होतं. का शिकायचं होतं ते विचारू नका, सोळाव्या वर्षी कारणं नसतात, हट्ट असतो.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा आईला म्हणाले, "एक वर्ष देऊ तिला."

"एकच," आई म्हणाली. "या खेपेला गेली तर मार्गशीर्षात लग्न. मग तुम्ही मधे बोलायचं नाही."

अण्णांनी मान हलवली. म्हणजे शब्द दिला. आणि अण्णांनी दिलेला शब्द म्हणजे काय, ते अख्ख्या गलीला ठाऊक होतं. भाजीवाल्याशीसुद्धा ते कधी खोटं बोलले नव्हते. भाजीवाला म्हणायचा, "गुरुजी, आपसे तो मोलभाव भी नहीं होता."

मग त्यांनी मला समोर बसवलं. "तुला इंग्रजी येत का नाही?"

"शब्द लक्षात राहत नाहीत. बहनजी फळ्यावर लिहितात, आम्ही उतरवून घेतो."

"म्हणून नाही घेत?"

"नाही."

"एकदाही नाही?" अण्णांना हे खरंच वाटेना. "अगं, मग येईल कसं?"

यातलं आश्चर्य समजायला आमचं घर माहीत पाहिजे. पुढच्या खोलीत सकाळी पाच-सहा विद्यार्थी बसायचे. अण्णा एक चरण म्हणायचे, मुलं तो पुन्हा पुन्हा म्हणायची. पुस्तक उघडायचं नाही, मुखातून मुखात. मी मधल्या खोलीत वाती वळत बसलेली असायची. कान काही बंद करता येत नाहीत. दहाव्या वर्षापर्यंत मला त्या मुलांइतकंच पाठ होतं, आणि हे अण्णांना ठाऊक होतं. पण त्यावर कधी कुणी बोललं नाही, कारण मुलींना वेद शिकवायची रीत आमच्याकडे नव्हती. एकदा एक विद्यार्थी अडला तेव्हा माझ्या तोंडून आतूनच पुढचं पद निघून गेलं. अण्णा उठले आणि त्यांनी मधलं दार लावून घेतलं. मला तेव्हा फार लागलं होतं, आजही लागतं.

तर अण्णांनी ठरवलं, पोरीला इंग्रजी मुखानं शिकवायचं. पण आधी ते स्वतःच्या मुखात यायला हवं. आमच्या खाली रेल्वेतले एक काका भाड्यानं राहायचे, भुसावळहून बदली होऊन आलेले, स्टेशनवर कारकून. अण्णा सकाळी गंगेवरून स्नान करून आले की थेट त्यांच्या दारात. काका दाढीचा साबण लावून आरशासमोर उभे, आणि अण्णा खाली जमिनीवर मांडी घालून.

"गुरुजी, अहो काय करताय, खुर्चीवर बसा!"

"विद्या घ्यायला आलोय. देणारा वर, घेणारा खाली. तुम्ही दाढी करा आणि दहा शब्द सांगा."

काका अण्णांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. बिचाऱ्यांना इतकं अवघड व्हायचं, की पहिल्या आठवड्यात दोनदा गाल कापून घेतला त्यांनी. पण माणूस मोठा गोड. माझ्या शाळेच्या पुस्तकातून ते दहा शब्द म्हणायचे, अर्थ सांगायचे, आणि अण्णा प्रत्येक शब्द दहादा म्हणून घ्यायचे. ओठ कुठे मिटतात, जीभ दाताला लागते की टाळूला, सगळं विचारून घ्यायचे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांच्यातला फरक काकांना सांगता येईना. तेव्हा अण्णा म्हणाले, "मग तुमच्या साहेबाला विचारून या." काकांनी खरंच विचारलं. साहेब काय म्हणाला ते काकांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

दुपारी जेवणं झाली की आम्ही छतावर जायचो. तिथे टाकीच्या सावलीत माझा वर्ग भरायचा. पुस्तकातला क्रम अण्णांनी मोडूनच टाकला. शेवट सारखा असलेले शब्द एका माळेत. नाईट म्हणजे रात्र, लाईट म्हणजे उजेड, राईट म्हणजे बरोबर, टाईट म्हणजे घट्ट. आउट म्हणजे बाहेर, शाउट म्हणजे ओरडणे, डाउट म्हणजे शंका. "बघ, जिभेला उतार मिळाला की ती आपसूक घसरते," म्हणायचे. माळ सरळ आली की उलटसुलट. नाईट लाईट, लाईट नाईट, नाईट लाईट. लाईट राईट, राईट लाईट, लाईट राईट. त्यांचे विद्यार्थी वेदाचं जसं घोटायचे तसंच. शेजारच्या छतावर पापड वाळत घालणाऱ्या काकूंनी आईला विचारलंसुद्धा, की गुरुजींनी हे कुठलं नवीन अनुष्ठान काढलंय.

एके दिवशी काकांनी घोळ उघड केला. शेवटी तीच अक्षरं, ओ-यू-जी-एच, पण एके ठिकाणी 'रफ', दुसरीकडे 'कॉफ', तिसरीकडे 'दो', आणि चौथीकडे 'थ्रू'. मला वाटलं अण्णा आता चिडणार. कसलं काय! आनंदानं चेहरा फुलला त्यांचा. "म्हणजे लिहिलेल्यावर विसंबलं की फसलात. हीसुद्धा ऐकूनच शिकायची भाषा आहे की! उगाच नावं ठेवत होतो." त्या दिवसापासून इंग्रजीबद्दल त्यांना जरा आदर वाटायला लागला.

आणि मग त्यांना ओळखीचे चेहरे दिसायला लागले. नेम म्हणजे नाव, ते आपलं नाम. डोअर म्हणजे द्वार. स्टार म्हणजे तारा. मदर ती मातृ, ब्रदर तो भ्रातृ. माऊस म्हणजे उंदीर म्हटल्यावर तर ते 'मूषक!' म्हणून असे ओरडले की टाकीवरची कबुतरं उडाली. "अगं, ही तर घरचीच माणसं! कपडे बदलून आलीत." चर्च हा शब्द 'चर्चा'वरून आला, हाही त्यांचाच शोध. तो साफ चूक आहे, हे मला कॉलेजात कळलं, पण मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हीही सांगितलं नसतंत.

डॉटर आला तेव्हा मीच म्हणाले, "ही दुहिता असणार."

"शाबास."

"पण दुहिता का म्हणतात?"

अण्णा म्हणाले, "कुणी म्हणतात, गाईचं दूध काढणारी ती दुहिता. कुणी म्हणतात, दूर दिली तरच जिचं बरं होतं, ती."

"यातलं खरं कुठलं?"

"दुधाचं," अण्णा म्हणाले, जरा घाईनंच. "चल, पुढचा शब्द."

आता हाताची गोष्ट सांगायला हवी. आमच्या शाखेत वेदाचा स्वर नुसता गळ्यातून काढून भागत नाही, तो उजव्या हातानंही दाखवावा लागतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, काही ठिकाणी आडवा. त्याला हस्तस्वर म्हणतात. नवीन विद्यार्थ्याचं मनगट धरून गुरू स्वतः तो हात फिरवतो, आणि महिनोन्महिने फिरवतो, तेव्हा कुठे तो बसतो. मी हे सगळं दाराच्या फटीतून पाहिलेलं. छतावर दुसऱ्याच दिवशी नाईट-लाईट म्हणताना माझा हात आपोआप वर गेला.

"हात खाली," अण्णा म्हणाले. आवाज वेगळाच होता. "तोंडानं म्हण. हात वेदाचा आहे. तो मी तुला शिकवलेला नाही, आणि शिकवणारही नाही."

मी हात मांडीखाली दाबून बसले. पुढे वर्षभर तशीच बसायची. एकटी असले की मात्र हात हलायचा. त्याशिवाय मला आठवायचंच नाही, काय करू?

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या एका मुलींच्या शाळेत होतं. इंग्रजीच्या दिवशी अण्णा मला सोडायला आले. पुढे अण्णा, मागे मी. फाटकाशी मला म्हणाले, "अडलीस तर घाबरू नकोस. माळेच्या सुरुवातीला जा." आणि ते बाहेर कडुलिंबाखाली उभे राहिले. तीन तास तिथून हलणार नव्हते.

पेपर बरा होता. शब्दांचे अर्थ लिहायचे होते, त्यात एक 'ड्राउट' आला. माळ ठाऊक, अर्थ आठवेना. म्हणून पेन ठेवलं, हात मांडीखाली दाबला, डोळे मिटले आणि गेले सुरुवातीला. आउट म्हणजे बाहेर, शाउट म्हणजे ओरडणे... ओठ हलत होते, आणि मांडीखालचा हात केव्हा सुटला ते मला कळलंच नाही. ड्राउट म्हणजे अवर्षण, असं आठवलं आणि डोळे उघडले, तर समोर निरीक्षक बहनजी. माझा हात अजून हवेतच. त्यात पुढच्या बाकावरची मुलगी नेमकी तेव्हाच मागे वळून बघत होती.

"इशारे कर रही हो?"

कॉपी, म्हणजे उत्तरपत्रिका, ओढून घेतली त्यांनी, आणि मला थेट प्रिन्सिपल बहनजींच्या खोलीत उभं केलं. तिथे त्या शाळेचे संस्कृतचे पंडितजी बसले होते. आमच्याच गलीतले, अण्णांना चांगले ओळखणारे. मी रडत रडत, निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत सांगितलं, की मी इशारे करत नव्हते, मला असंच आठवतं.

प्रिन्सिपल बहनजी म्हणाल्या, "करके दिखाओ."

मी दाखवलं. आउट, शाउट, डाउट, ड्राउट, हात वर, खाली, आडवा. आज हसू येतं.

पंडितजी खुर्चीतच पुढे सरकले. "ये तो हस्तस्वर है!"

"किसने सिखाया?" बहनजींनी मला विचारलं. मी काय सांगणार? अण्णांनी नाही, असं म्हणाले तर मग कुणी? मी एवढंच म्हणाले, की पिताजी बाहर खडे हैं.

अण्णांना आत बोलावलं. ते चपला बाहेर काढून आले, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि हात जोडून उभे राहिले. बहनजींनी झालेलं सगळं सांगितलं. मग सरळ विचारलं, "गुरुजी, ये हाथ चलाना आपने सिखाया है? सिखाया है तो मैं मान लूँगी कि इसकी पढ़ने की आदत है. नहीं तो कॉपी रद्द होगी."

अण्णा काही बोलायच्या आतच संस्कृतचे पंडितजी म्हणाले, "नहीं नहीं, गुरुजी लड़की को हस्तस्वर कैसे सिखाएँगे? देख-देखकर नकल कर ली होगी." त्यांना अण्णांची अब्रू वाचवायची होती. आणि बोलत होते ते शब्द न् शब्द खरं होतं.

अण्णांना पंडितजींच्या बोलण्याला नुसतं हो म्हणायचं होतं. खरंच होतं ना ते! त्यांनी मला हात शिकवलाच नव्हता, उलट बजावून मना केलं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांचं नाव स्वच्छ राहिलं असतं आणि मी मार्गशीर्षात ग्वाल्हेरला गेले असते. नाही म्हटलं, तर संध्याकाळच्या आत ब्रह्मा घाटावर बातमी पोचणार होती, की वेदमूर्तींनी मुलीला हस्तस्वर शिकवला, आणि तोही इंग्रजीवर! मी त्यांच्या पायांकडे बघत होते. वर बघायची छाती होत नव्हती.

"जी," अण्णा म्हणाले. "हमने सिखाया है."

बहनजींनी माझी कॉपी माझ्या हातात दिली. "जो समय गया, सो गया. जाओ, लिखो." मी धावत वर्गात गेले आणि अवर्षण लिहायला लागले. हिंदीत 'सूखा' लिहायचं होतं, तेही तेव्हाच सुचलं, देवाची कृपा.

घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "आज मी खोटं बोललो." बस, एवढंच. काय बोलले ते आईला दुसऱ्या दिवशी घाटावर कळलं, बायकांच्या तोंडून.

नंतरचे दिवस वाईट गेले. दोन विद्यार्थ्यांनी येणं सोडलं. चैत्रात आमच्याकडे वैदिक मंडळी जमून मंत्र म्हणतात, त्याला वसंतपूजा म्हणतात. अण्णांशिवाय ती कधी झाली नव्हती. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्या दुपारी पलीकडच्या घरातून मंत्रांचा आवाज येत होता आणि अण्णा खिडकीशी बसून ऐकत होते. एके ठिकाणी कुणीतरी चुकलं, तर त्यांचा हात उचलला गेला आणि त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. मला वाटलं, मेले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, "अण्णा, माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे नाही. माझ्या जिभेमुळे झालं," ते म्हणाले. "जा, पाणी आण."

आई मात्र बदलली. जी बाई माझ्या लग्नाच्या मागे हात धुऊन लागली होती, तीच घाटावर कुणी टोमणा मारला तेव्हा धुणं आपटता आपटता म्हणाली, "हो, शिकवलं. तुमच्या पोरीला पाठवायचंय का?" हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. आईनं स्वतः कधी कबूल केलं नाही.

नतीजा जूनमध्ये लागला. रेल्वेतले काका स्टेशनवरूनच अखबार घेऊन पळत आले, सकाळी अर्धवट टाकलेली दाढी तशीच. माझा रोल नंबर त्यात होता. काका नाचायचेच बाकी होते. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि ग्वाल्हेरला पत्र लिहायला अण्णांना सांगितलं, की मुलीला पुढे शिकायचंय. अण्णांनी पत्र लिहिलं, घडी केली, आणि मला म्हणाले, "चल छतावर."

"आता कशाला अण्णा? झाली की परीक्षा."

"म्हणूनच. परीक्षेसाठी केलं, असं कुणी म्हणायला नको."

छतावर ऊन होतं. ते टाकीच्या सावलीत बसले, मला समोर बसवलं. मग म्हणाले, "तिथे तुझा हात पाहिला मी. फार चुकतो गं. कोपर उडतं."

मी खाली मान घालून म्हणाले, "पाहून पाहून केला ना."

"मी चारचौघांत सांगून आलोय, की मी शिकवला. ते खोटं आहे. आता या वयात मी खोटा राहू शकत नाही, तेव्हा ते खरं करायला हवं. हात पुढे कर."

मी हात पुढे केला. "नाईट-लाईटपासून म्हणू?"

"नाही," अण्णा म्हणाले. "हात वेदाचा आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं कोपर खाली दाबलं, घसा साफ केला आणि पहिलं पद म्हणाले. मी ते आजवर हजारदा ऐकलं होतं. मला रडूच फुटलं.

"रडू नकोस, स्वर बिघडतो," अण्णा म्हणाले. "म्हण."